सीमाभागाची घड्याळे : सूर्यवेळ, रेल्वेवेळ आणि कचेरीतील संगणक

घड्याळ चुकले असे आपण म्हणतो तेव्हा एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती ही की दुसरे कुठले तरी घड्याळ बरोबर आहे. ते दुसरे घड्याळ कोणते, ते कोणी ठरविले आणि ते मानण्याची सक्ती आपणांवर कोणी केली, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. बेळगाव-निपाणी भागात राज्य कोणते, भाषा कोणती, गावाचे नाव कोणते यांवर गेली कित्येक दशके वाद चालले. वेळ कोणती यावर मात्र वाद झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तरीही या भागाच्या घड्याळाने गेल्या दीडशे वर्षांत आपला धनी अनेकदा बदलला आहे. सरकारी कचेऱ्यांत संगणक आल्यावर हा धनी कोण, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि या खेपेस तो अगदी रोजच्या व्यवहारात उभा राहिला. एका टेबलावरच्या संगणकात अकरा वाजलेले आणि शेजारच्या टेबलावर अकरा वाजून बारा मिनिटे झालेली, हे दृश्य कचेऱ्यांचे उंबरे झिजविणाऱ्यांना नवे नाही. या लहानशा दिसणाऱ्या दोषामागचा इतिहास मोठा आहे. तो सांगावा आणि त्यावरूनच दोष कसा शोधावा हेही उमगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सूर्याची वेळ

रेल्वे येण्यापूर्वी प्रत्येक गावाची वेळ त्या गावाच्या माथ्यावरील सूर्याची असे. पाण्याने भरलेल्या घंगाळात, तळाला बारीक छिद्र असलेली वाटी तरंगत सोडावयाची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. अहोरात्राच्या साठ घटका आणि एका घटकेची साठ पळे, हा हिशेब. आजच्या मापात एक घटका चोवीस मिनिटांची. लग्नाच्या मुहूर्तासाठी घटिकापात्र मांडण्याची चाल आपल्या घराण्यांतून बराच काळ टिकून होती. त्या वेळेला दुसऱ्या कोणत्याही गावाच्या संमतीची गरज नव्हती.

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे लागतात. बेळगाव साधारण साडेचौऱ्याहत्तर पूर्व रेखांशावर आहे. साडेचौऱ्याहत्तरला चाराने गुणले की २९८ मिनिटे होतात. म्हणजे बेळगावची स्थानिक मध्यम वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५८ मिनिटे पुढे. निपाणी किंचित पश्चिमेस असल्यामुळे तिचे घड्याळ बेळगावच्या अर्ध्या मिनिटाने मागे. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, तर मद्रासची सुमारे ५ तास २१ मिनिटे पुढे. म्हणजे बेळगावचा सूर्य मुंबईच्या सात मिनिटे आधी माथ्यावर येतो आणि मद्रासच्या तेवीस मिनिटे नंतर. हे आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे संगणकाच्या पडद्यावर त्यांचीच गाठ पडणार आहे.

आगगाडीची आणि साम्राज्याची वेळ

तारायंत्र आणि आगगाडी यांना गावोगावचे सूर्य परवडणारे नव्हते. एकाच रुळावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांची वेळापत्रके दोन निरनिराळ्या घड्याळांवर चालविणे हे अपघाताला निमंत्रण होते. म्हणून १८७० नंतर हिंदुस्थानातील रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रास हे मुंबई आणि कलकत्ता यांच्या दरम्यानच्या रेखांशावर पडते, आणि तेथे १७९२ पासून वेधशाळा होती; तिच्याकडून तारेने वेळेचा संकेत पाठविता येत असे. म्हणजे एक मुख्य घड्याळ, तेथून तारेवरून निघणारा संकेत, आणि तो ऐकून आपले काटे जुळविणारी शेकडो स्टेशने. आजच्या संगणकजालात वेळेची जी व्यवस्था आहे तिचा सांगाडा हाच होय.

सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली स्थापन झाली आणि त्याच दशकात तिचा मार्ग बेळगावात आला. त्या फलाटावरील घड्याळ रेल्वेचे, म्हणजे मद्रासचे. आणि फलाटाबाहेरील सूर्य बेळगावचा. दोघांत तेवीस मिनिटांचे अंतर, जवळजवळ एक घटका. सूर्य पाहून निघणाऱ्या प्रवाशाला गाडी चुकण्यास एवढे अंतर पुरेसे होते. निपाणीला तर रेल्वे आलीच नाही. तंबाखूची ही मोठी पेठ पुणे-बंगलोर रस्त्यावर वाढली.

मुंबईत हा प्रश्न चिघळला. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी (पुण्याच्या महाविद्यालयामुळे हे नाव आपल्या परिचयाचे आहे) सरकारी कचेऱ्यांत मद्रासची वेळ लागू केली. लोकांनी विरोध केला. विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, यावर सिनेटमध्ये वाद झाला. अखेर १८८३ साली सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत साडेब्याऐंशी अंश रेखांश धरून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली प्रमाणवेळ ठरली. १ जुलै १९०५ पासून ती रेल्वे व तारखात्यात आणि १ जानेवारी १९०६ पासून मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांत आली. जानेवारी १९०६ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी या बदलाविरुद्ध गडबड केली, कारण नव्या घड्याळाने त्यांना सूर्याच्या हिशेबाने एकोणचाळीस मिनिटे आधी कामावर यावे लागत होते. मुंबई महानगरपालिकेने आपल्या घड्याळांत मुंबई वेळच राखली, आणि ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे राहिली. वंगभंगाच्या त्या दिवसांत वेळ हाही स्वत्वाचा प्रश्न बनला होता.

बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात असल्याने प्रमाणवेळ येथेही लागू झाली. तिच्या मानाने बेळगावचा सूर्य बत्तीस मिनिटे मागे. म्हणूनच आपल्याकडे मध्यान्ह सरासरीने साडेबाराच्याही नंतर होते. नोव्हेंबरच्या आरंभी ती सव्वाबाराच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यास पाऊणच्या सुमारास येते.

त्यानंतर एक बदल असा झाला की त्याची आठवण आता फक्त जोतिषांना राहिली आहे. दुसऱ्या महायुद्धात देशातील घड्याळे एक तास पुढे करण्यात आली. १ सप्टेंबर १९४२ पासूनची ही व्यवस्था १५ ऑक्टोबर १९४५ रोजी संपली. ज्यांचा जन्म त्या काळातील आहे त्यांच्या टिपणातील वेळेतून एक तास वजा केल्याखेरीज पत्रिका बरोबर येत नाही. ज्या घरांत आजी-आजोबांच्या दोन पत्रिका आहेत आणि त्यांतील लग्ने जुळत नाहीत, त्या घरांनी हा तास तपासून पाहावा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या तारखेला या भागात दोन नावे आहेत. एक समाज तिला राज्योत्सव म्हणतो, दुसरा काळा दिन. पण त्या मध्यरात्री दोन्ही समाजांच्या घड्याळांत बारा एकाच क्षणी वाजले. १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले, २०१४ साली शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. काट्यांना त्यातील काहीच कळले नाही.

कचेरीत संगणक आला

या शतकाच्या आरंभी कर्नाटकाने जमिनीच्या हक्कनोंदी संगणकावर आणल्या. 'भूमी' या नावाच्या त्या योजनेत तेव्हाच्या १७७ तालुक्यांतील सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटींच्या आसपास नोंदी भरल्या गेल्या, आणि हस्तलिखित उताऱ्याचा अंमल टप्प्याटप्प्याने संपला. निपाणी त्या वेळी चिकोडी तालुक्यात मोडत असे. त्याच सुमारास नोंदणी खात्यात 'कावेरी' आणि कोषागारात 'खजाने' या प्रणाली आल्या. उतारा कोणत्या भाषेत मिळावा यावर सीमाभागात निवेदने झाली, मोर्चे निघाले. त्या कागदावर छापलेल्या तारीख-वेळेकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

वास्तविक 'भूमी'चे एक मोठे तत्त्व वेळेवरच उभे होते. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकालात काढावयाचे, मधला अर्ज उचलून पुढे घ्यावयाचा नाही. 'आधी येईल त्याचे आधी' हे तत्त्व गरिबाच्या हिताचे. पण 'आधी' म्हणजे कधी, हे सांगणारे घड्याळ विश्वासाचे असले तरच. कायद्यातही वेळेला असेच वजन आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये दस्त सादर झाल्याचा दिवस, तास आणि स्थळ दस्तावर लिहावे लागते. विधानसभेच्या निवडणुकीचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या ठोक्यापर्यंतच घेता येतो. तंबाखूच्या पिकावर कर्ज काढणारा शेतकरी, वारसा नोंदीसाठी आलेली विधवा, निविदा भरणारा लहान कंत्राटदार, या सर्वांचे हक्क कधीकधी दहा-पाच मिनिटांत अडकलेले असतात.

आमच्या सेवाकाळातील एक प्रसंग सांगतो. कचेरीचे नाव सांगण्याचे कारण नाही. टपाल घेणाऱ्या दोन खिडक्यांवर दोन संगणक होते आणि त्यांच्या घड्याळांत अकरा मिनिटांचा फरक होता. एकाच सर्व्हे नंबरासंबंधी दोन भावांचे परस्परविरोधी अर्ज एकाच सकाळी आले. ज्याने मागाहून दिला त्याच्या पोचपावतीवर आधीची वेळ छापली गेली. दोघेही आपापला कागद दाखवीत होते आणि दोघेही आपल्या परीने खरे बोलत होते. सुदैवाने एका जुन्या कारकुनाने हाताने लिहावयाची आवक बारनिशी बंद केलेली नव्हती. तिच्यातील अनुक्रमांकावरून निवाडा झाला. संगणकाच्या वेळेवर विसंबून ती वही बासनात गेली असती, तर धाकट्या भावाचे म्हणणे सिद्ध करण्यास काहीच आधार उरला नसता.

दोषाचे चार प्रकार

अशा वेळी बहुतेक ठिकाणी उपाय एकच केला जातो : कोणीतरी मनगटावरच्या घड्याळात पाहून संगणकाची वेळ बदलतो. दोन महिन्यांनी तक्रार पुन्हा येते. वैद्याने नाडी न पाहता काढा द्यावा तसे हे आहे. घड्याळ किती चुकले आहे हीच त्याची नाडी. ती नीट पाहिली तर रोग बहुधा तेथेच कळतो.

पहिला प्रकार संथ घसरणीचा. संगणकाच्या आत क्वार्ट्झचा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि ती कंपने मोजून वेळ चालते. हा स्फटिक स्वस्त असतो आणि उष्णतेप्रमाणे त्याची गती बदलते. दहा लाखांत वीस एवढीच चूक धरली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला पाऊण मिनिटाहून अधिक आणि वर्षाला दहा मिनिटे होतात. प्रत्येक यंत्राचा स्फटिक निराळा, म्हणून प्रत्येकाची चूकही निराळी. एका खोलीतील पाच यंत्रे पाच निरनिराळ्या वेळा दाखवीत असतील आणि फरक काही मिनिटांचे, विषम असतील, तर समजावे की ती कोणालाच विचारीत नाहीत. प्रत्येक आपल्याच सूर्यावर चालले आहे.

दुसरा प्रकार उडीचा. सकाळी यंत्र सुरू करावे तो तारीख एकदम कित्येक वर्षे मागची; जुन्या यंत्रांत १ जानेवारी १९८०. वीज नसताना घड्याळ चालू ठेवण्यासाठी आत एक नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी असते, ती संपली असा याचा अर्थ. ज्या कचेऱ्यांत संध्याकाळी भिंतीवरचा मुख्य खटका बंद करण्याची शिस्त आहे तेथे रात्रभर सारा भार या बॅटरीवर पडतो आणि ती लवकर संपते. अशा यंत्रावर सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत यंत्राच्या दृष्टीने अजून सुरूच झालेली नसते. उपाय अगदी थोड्या खर्चाचा. पण त्याचे कारण न कळल्याने यंत्रच मोडीत काढल्याचेही आम्ही पाहिले आहे.

तिसरा प्रकार नेमक्या अर्ध्या किंवा पूर्ण तासांच्या फरकाचा, आणि तो इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मनोरंजक आहे. संगणक मनातल्या मनात जागतिक वेळ धरून चालतो आणि पडद्यावर दाखविताना त्यात आपल्या प्रदेशाचा फरक मिळवितो. हा प्रदेश एका यादीतून निवडावयाचा असतो. विंडोज प्रणालीच्या यादीत साडेपाच तासांच्या ओळीवर चेन्नई, कोलकाता, मुंबई आणि नवी दिल्ली अशी चार नावे शेजारी शेजारी बसलेली दिसतात. यांतील पहिल्या तिघींच्या वेळांचे भांडण एकेकाळी किती पेटले होते, हे ती यादी पाहणाऱ्यास कळणार नाही. त्या ओळीच्या थोडी वर पाच तासांची इस्लामाबाद-कराचीची ओळ आहे. घाईत ती निवडली गेली की घड्याळ नेमके तीस मिनिटे मागे पडते. गंमत अशी की बेळगावची जुनी सूर्यवेळ ४ तास ५८ मिनिटांची. म्हणजे या चुकीने संगणक दोन मिनिटांच्या फरकाने आपल्या पणजोबांच्या वेळेवर परत जातो!

कोणताही प्रदेश निवडलाच नाही तर पुष्कळ यंत्रे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच राहत. तेथील हिवाळ्यात आपल्यात व त्यांच्यात साडेतेरा तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेबारांचा. येथे एक फसवी दुरुस्ती होते. प्रदेश तसाच ठेवून कारकून फक्त आकडे बदलतो. पडद्यावर वेळ बरोबर दिसू लागते, पण आतली जागतिक वेळ साडेतेरा तासांनी बिघडते. मग त्या यंत्रावरून गेलेले पत्र दुसऱ्या कचेरीत भलत्याच तारखेने उमटते. मद्रास वेळेच्या घड्याळाचे काटे तेवीस मिनिटे मागे ओढून त्याला बेळगावचे घड्याळ म्हणावे आणि मग गाडी का चुकते म्हणून विचारावे, तसाच हा प्रकार. काट्यांना हात लावण्यापूर्वी प्रदेश पाहावा, हा पहिला नियम.

चौथा प्रकार सर्वांत कठीण : कचेरीतील सर्व यंत्रे आपसांत तंतोतंत जुळलेली, आणि सर्वच चुकलेली. येथे दोष कोणा एका यंत्रात नसतो. ज्याला ती विचारतात तो वरिष्ठच चुकलेला असतो.

वरिष्ठ कोण, आणि त्याचा वरिष्ठ कोण

संगणकांनी एकमेकांस वेळ विचारण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे ती अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास घालून दिली. सरकारी नोकरी केलेल्यास ती समजण्यास अवघड नाही, कारण ती आवक-जावक बारनिशीच आहे. आपले यंत्र वरिष्ठास पत्र लिहिते आणि त्यावर जावक वेळ टाकते. वरिष्ठ त्यावर आपली आवक वेळ टाकतो, उत्तर पाठविताना जावक वेळ टाकतो, आणि उत्तर हाती पडताच आपले यंत्र आवक वेळ नोंदविते. या चार शिक्क्यांवरून वाटेत किती वेळ गेला आणि आपले घड्याळ किती चुकले, हे दोन्ही काढता येते. जाताना व येताना सारखाच वेळ लागला असे मात्र त्यात धरलेले असते.

या पद्धतीत श्रेणी असतात. अणुघड्याळ शून्य श्रेणीचे. त्याला जोडलेला सर्व्हर पहिल्या, त्याला विचारणारा दुसऱ्या, असे पंधरापर्यंत. सोळावी श्रेणी म्हणजे ज्याला वरिष्ठ नाही असा. आणखी एक शहाणपण तिच्यात आहे. फरक अगदी थोडा असेल तर घड्याळ हळूहळू, न कळत सरकविले जाते. पण फरक १००० सेकंदांहून, म्हणजे पावणेसतरा मिनिटांच्या आसपासहून अधिक आढळला तर मूळची प्रणाली आपण होऊन दुरुस्ती करीत नाही, ती थांबते. एवढा फरक असेल तर कोण चुकला हे माणसाने पाहावे, असा त्याचा अर्थ. विंडोज २००० पासून कचेरीच्या संगणकजालात आणखी एक कडक नियम आला : मुख्य सर्व्हरच्या घड्याळाशी पाच मिनिटांहून अधिक फरक असलेल्या यंत्राला सामान्यतः आत प्रवेशच मिळत नाही. संकेतशब्द बरोबर असूनही दार उघडत नाही, आणि बिचारा कर्मचारी संकेतशब्द बदलत बसतो.

तेव्हा दोष शोधण्याचा क्रम असा असावा. यंत्र एकच चुकले की सर्व, हे आधी पाहावे. फरक किती, आणि तो अर्ध्या तासाच्या पटीत आहे काय, हे मोजावे. मग ते यंत्र वेळ कोणाला विचारते हे पाहावे. विंडोजचे सुटे यंत्र परंपरेने आठवड्यातून एकदा कंपनीच्या दूरच्या सर्व्हरला विचारीत असे. कचेरीच्या जालात ते मुख्य सर्व्हरला विचारते. पुढे वाट मोकळी आहे काय हे पाहावे, कारण वेळेची पत्रे १२३ क्रमांकाच्या दाराने जातात आणि सुरक्षेच्या भिंतीत ते दार बंद असल्याचे पुष्कळदा आढळते. शेवटी मुख्य सर्व्हर स्वतः कोणाला विचारतो हे पाहावे. बहुतेक गोंधळाचे मूळ येथे सापडते : खालच्यांना सक्ती करणारा वरिष्ठ स्वतः कोणालाच विचारीत नसतो. आणि दुरुस्ती करताना कामाच्या भर वेळी घड्याळ मागे ओढू नये. दहा मिनिटे मागे नेली की त्या दहा मिनिटांतील नोंदी दुसऱ्यांदा उगवतात आणि क्रम बिघडतो. कचेरी बंद झाल्यावर, किती वाजता किती फरक काढला याची लेखी नोंद करूनच ती दुरुस्ती करावी.

आपल्या देशात या साऱ्या श्रेणींच्या शिरोभागी नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे. भारतीय प्रमाणवेळ तीच राखते. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवरून केली जाते. त्या दृष्टीने आता सूर्यही वरिष्ठ राहिलेला नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या संगणकसुरक्षा यंत्रणेने आदेश काढून सरकारी संस्था, कंपन्या आणि सेवा देणारे यांनी आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवावीत असे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये सर्व व्यवहारांत प्रमाणवेळ बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदाही प्रसिद्ध झाला. १८८१ साली फर्ग्युसनसाहेबांनी काढलेल्या आदेशाशी याचे साम्य जाणवल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच की तेव्हा लोकांनी आपला सूर्य सोडण्यास नकार दिला, आणि आज सोडण्यासारखा सूर्य कोणापाशी उरलेला नाही.

यंत्राची स्मृती

तथापि जुन्या वेळा अगदीच पुसल्या गेल्या असे नाही. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात अमेरिकेतील आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी जगातील वेळपट्ट्यांचा एक संग्रह सुरू केला. आज असंख्य सर्व्हर आणि भ्रमणध्वनी तो वापरतात. त्यात भारतासाठी कोलकात्याच्या नावाची एकच नोंद आहे, पण तिच्या पोटात मद्रास वेळ आहे, १९०६ चा बदल आहे, आणि युद्धकाळातील तो जादा तासही आहे. १९४३ सालची एखादी तारीख अशा यंत्राला दिली तर ते निमूटपणे साडेसहा तासांचा हिशेब करते. बेळगावची स्वतंत्र सूर्यवेळ मात्र त्यात नाही. ती कोणत्याही सर्व्हरवर नाही. ती साडेचौऱ्याहत्तरला चाराने गुणणाऱ्यापाशीच आहे.

सीमाभागातील आम्हां लोकांना कागदाचे महत्त्व कोणी सांगावयास नको. आपले हक्क, आपली शेते, आपल्या शाळा यांची बाजू आपण नेहमी कागद पुढे करूनच मांडत आलो आहोत. आता तो कागद यंत्रात आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने संगणकातील नोंद प्रमाणपत्रासह न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहू शकते. पण नोंदीवरील वेळच वादग्रस्त असेल तर प्रमाणपत्र कितीसे उपयोगी पडणार? दुकानातील किंवा पतसंस्थेतील कॅमेऱ्याचे घड्याळ वीस मिनिटे पुढे असेल तर निरपराध माणूसही चुकीच्या क्षणी चुकीच्या जागी दिसतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या भागातील पतसंस्था, शाळा, वाचनालये, सहकारी सोसायट्या यांनी महिन्यातून एक दिवस ठरवून आपली सर्व घड्याळे प्रमाणवेळेशी ताडून पाहावीत आणि आढळलेला फरक एका वहीत लिहावा. वही कागदाची असावी. पोचपावती घेताना सभासदांनी रकमेबरोबर वेळही वाचावी, आणि ती चुकलेली दिसली तर तेथेच, शांतपणे, दुरुस्त करून मागावी. घड्याळ कोणाचे, हा वाद आपल्या पूर्वजांच्या काळी मिटला. ते बरोबर चालते आहे की नाही हे पाहण्याचे काम मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते, आणि त्यासाठी कोणत्याही राज्याच्या परवानगीची गरज नाही.